चित्रातली माणसं किती

५ ऑक्टोबर, रविवार दुपार

प्रिय वहिनी,

इथूनच वाकून नमस्कार करते. समोर असतीस तर "पुरे गं, आधी गुडघे सांभाळ" म्हणून पाय मागे घेतले असतेस. पत्रात तुला तशी सोय नाही, तेव्हा मुकाट्याने घे.

नऊ वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकू नकोस. कोणी गेलेलं नाही आणि मलाही काही झालेलं नाही. गुडघे सोडले तर तब्येत उत्तम आहे. दादाची आरामखुर्ची अजून माझ्याकडेच आहे. तिचा डावा हात डुगडुगतो, पण सुताराला द्यायचं धाडस होत नाही, कारण तो हात दादानेच डुगडुगता केला होता. तो जाऊन दहा वर्षं झाली, तरी त्या खुर्चीत दुसरं कोणी बसलं की मला उठवावंसं वाटतं.

लिहायला तसं काही खास कारण नाही. काल संग्रहालयातल्या आम्हा गाईड मंडळींच्या खोलीतलं कपाट आवरायला काढलं आणि मागच्या बाजूला आपला बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला. आपली कार्डं! बावीस वर्षांपूर्वी चाळीस चित्रं वाटून घेऊन, लोकांना ती दाखवताना काय सांगायचं ते आपण ज्यांवर लिहिलं होतं, ती. तुझी वीस, माझी वीस. तुझं अक्षर टाके घातल्यासारखं एकसारखं आणि माझं पोस्टाच्या पावतीवरचं. मी तिथेच स्टुलावर बसून एकेक वाचत राहिले आणि चहा गार करून टाकला. मोजली तर एकोणचाळीस भरली. एक कुठेतरी गेलं असेल.

तुला आठवतं, मला या भानगडीत तूच ओढलंस. पोस्टाच्या खिडकीमागे एकतीस वर्षं काढून मी घरी बसले होते आणि दिवसभर दादाच्या चुका काढत होते. तूच कंटाळून म्हणालीस, "चला वन्सं, फुकट बोलायचंच आहे तर लोकांना उपयोग होईल असं बोलू." आणि मला घेऊन गेलीस. स्वयंसेवक गाईड म्हणजे काय ते मला ठाऊकसुद्धा नव्हतं. मला वाटलं, दारात उभं राहून तिकिटं फाडायची असतील.

पहिल्या दिवशी आपल्याला शिकवणाऱ्या थांबा-सरांनी आपल्याला एकाच चित्रासमोर चाळीस मिनिटं उभं केलं. एक टेबल, त्यावर पांढरं कापड, एक सुरई आणि तीन नाशपाती, बाकी काही नाही. पाच मिनिटांत माझं बघून संपलं. जरा कोणी हललं की सर म्हणायचे, "थांबा. अजून बघा." जन्मभर शिवणकाम केलेली तू त्या कापडाच्या काठाकडे बघत बसलीस आणि शेवटी म्हणालीस, "सर, ही दुमड डावखुऱ्या बाईने घातलीय." सर पुढे होऊन नाक लावून बघायला लागले. मी तुझ्या कानात म्हटलं, "अगं, माझे पाय गेले." तोवर सव्वीस वर्षं मी तुला 'अहो वहिनी' म्हणत होते. त्या दिवशी पहिल्यांदा 'अगं' निघालं. तू फक्त हसलीस आणि म्हणालीस, "थांबा. अजून बघा."

मग घरची तालीम. भिंतीवरच्या कॅलेंडरला चित्र समजायचं, हातात कार्ड धरायचं आणि दादाने खुर्चीत बसून पाहुणा व्हायचं. त्याला सगळ्या जातीचे पाहुणे जमायचे. मध्येच जांभई देणारे, आपल्याला जास्त कळतं असं समजणारे. आपण चित्रातल्या प्रकाशाबद्दल जीव तोडून बोलत असलो की हात वर करून विचारायचा, "बाई, स्वच्छतागृह कुठल्या बाजूला?" आपण चिडायचो. पण खऱ्या संग्रहालयात पहिल्याच फेरीला पहिला प्रश्न तोच आला, आणि आपण दोघी इतक्या हसलो की कोपऱ्यातला रखवालदार धावत आला.

किती चांगले दिवस होते ते, वहिनी. तेरा वर्षं दर मंगळवारी आणि शुक्रवारी आपण एका छत्रीतून गेलो आणि आलो. आता मी एकटी जाते. छत्री तीच आहे, पण एकटीला मोठी होते.

बरं, आता नव्या बातम्या. गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे एक वाईट प्रकार झाला. मोठ्या दालनात दोन शाळकरी मुली चित्र काढत बसल्या होत्या. काळ्या मुली, नदीपलीकडच्या वस्तीतल्या. रखवालदाराने तासाभरात तीनदा त्यांची दप्तरं उघडायला लावली. बाकी कोणाचीच नाही. मी तिथेच होते आणि मनात म्हटलं, असेल काही कारण. दुसऱ्या दिवशी मुलींची आई दारात येऊन उभी राहिली आणि विचारलं, "कारण काय होतं?" कोणालाच सांगता येईना. मलाही नाही.

त्यातून आमचं अभ्यासमंडळ सुरू झालं. दर गुरुवारी बसतो. वस्तीतल्या वाचनालयाच्या ग्रंथपाल बाई शिकवायला येतात. स्वतः काळ्या आहेत, उंच आहेत, आणि आवाज इतका मऊ की आपली चूक कळायला जरा वेळ लागतो. त्यांची पद्धत अशी की चित्रासमोर उभं राहून तीन गोष्टी सांगायच्या. तुम्हाला काय दिसतं? तुम्हाला काय माहीत आहे? आणि ते तुम्हाला कोणी सांगितलं? पहिल्या दोनांना आम्ही फडाफडा उत्तरं देतो. तिसऱ्याला सगळ्यांची दातखीळ बसते. पहिल्या गुरुवारी मी फार शहाणपणा करायला गेले आणि चांगलीच तोंडावर पडले. तू असतीस तर टाळ्या वाजवल्या असत्यास.

आणि नुसता अभ्यास नाही गं. वस्तीतल्या आयांबरोबर आम्ही नगरपालिकेच्या दारात चार शनिवार उभे राहिलो. मागणी एकच: तपासायच्या तर सगळ्यांच्या पिशव्या, नाहीतर कोणाचीच नाही. पोस्टात एकतीस वर्षांत मी एकदाही संपावर गेले नाही, आणि या वयात हातात फलक! तोही उलटा धरला होता, शेजारच्या बाईने सरळ करून दिला. पण नियम झाला. आता माझीही पर्स रोज उघडते, आणि गुडघ्याचा पट्टा अख्ख्या जगाला दिसतो.

पुढच्या महिन्यात मोठ्या दालनातलं ते चित्र साफ होऊन परत लागणार आहे. व्यापारी आणि त्याच्या कुटुंबाचं. तुला आठवत असेलच. त्यावरचं वॉर्निश इतकं पिवळं पडलं होतं की पडद्याजवळचं काही म्हणजे काही दिसत नव्हतं. आता दिसतं म्हणतात. नवी पाटीही लागणार. पहिली फेरी मीच घ्यावी, असं सगळ्यांचं म्हणणं आहे, सगळ्यांत जुनी म्हणून. बघू.

लेक-जावई मजेत असतील. जावयाला म्हणावं, त्याने बसवून दिलेलं माझं कपाट अजून एका बाजूला कलतंच आहे. आणि तुझी नात, आपली भिंगरी कशी आहे? सतराची झाली असेल. माझे आशीर्वाद सांग. सांगावेसे वाटले तर.

तुझी
नणंद
(हे नातं अजून चालू आहे असं धरून)

२३ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. तीन ओळी. आधी खिडकीत उभी राहून वाचल्या, मग दादाच्या खुर्चीत बसून वाचल्या. कुठेही वाचल्या तरी तेच लिहिलेलं होतं:

"पत्र पोचलं. सहा पानं लिहिलीस आणि त्यात भिंगरीला दीड ओळ. त्या चित्रात माणसं किती आहेत, तेवढं कळव."

सहा आहेत, वहिनी.

सहाच होती. वॉर्निश पिवळं असतानाही सहाच होती. मागच्या पत्रात मी वॉर्निशच्या आड लपले. चित्र साफ करणाऱ्या माणसाने काही नवीन काढलेलं नाही, जे होतं ते जरा उजळलं इतकंच. एका आठ वर्षांच्या मुलीला ते त्या पिवळ्या वॉर्निशमधूनही पहिल्या नजरेला दिसलं होतं.

आणि ते चाळिसावं कार्ड कुठेही गेलेलं नाही. ते माझ्या पलंगाशेजारच्या खणात आहे. नऊ वर्षं आहे.

आता नीट सांगते, कारण तुला त्या दिवशीचं अर्धंच ठाऊक आहे. तू त्या वेळी खालच्या दालनात मोठ्या माणसांची फेरी घेत होतीस.

सहलीला आलेल्या भिंगरीच्या वर्गाची फेरी माझ्याकडे होती. ती रांगेत पहिली होती. आपली आत्याआजी इथली मोठी कोणीतरी आहे म्हणून ऐटीत उभी. त्या चित्रासमोर आपण मुलांना मोजणीचा खेळ द्यायचो, तुला माहीत आहे: "चित्रातली माणसं किती? जो बरोबर सांगेल त्याला चांदणी." ते कार्ड माझ्या वाटणीचं होतं. बावीस वर्षांपूर्वी मीच लिहिलं होतं. पाटीवर 'व्यापारी आणि त्याचं कुटुंब' असं होतं. म्हणून मी वडील, आई, तीन मुलं अशी बेरीज केली आणि उत्तर लिहिलं पाच. खाली आणखी एक शहाणपण लिहिलं: 'धाकटं बाळ जणू हवेत तरंगतं आहे, पाहा चित्रकाराचं कसब.' तेरा वर्षं मी हे वाक्य लोकांना ऐकवलं, वहिनी. तेरा वर्षं लोक माना डोलवत होते. बाळ हवेत तरंगेल कसं? त्याच्या कमरेभोवती एका काळ्या बाईचा हात आहे. ती पडद्याच्या सावलीत उभी आहे, आणि तिने ते बाळ धरलंय.

भिंगरी म्हणाली, "सहा."

मी कार्डाकडे पाहिलं. चित्राकडे नाही, कार्डाकडे. पोस्टातली सवय, लिहिलेलं तेच खरं. म्हटलं, "नीट मोज."

तिने पुन्हा मोजलं. "सहा, आत्याआजी. ती बाई आहे ना बाळाला धरून."

वहिनी, त्या क्षणी मी चित्राकडे पाहिलं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मी पाहिलं आणि मला ती बाई दिसली. चेहरा, हात, कानातली छोटी कडी, सगळं दिसलं. मागे तीस मुलं आणि त्यांच्या दोन शिक्षिका उभ्या होत्या. तेरा वर्षं सांगितलेलं चुकलं असं म्हणायला एक वाक्य पुरलं असतं. माझ्याच्याने ते झालं नाही. मी म्हणाले, "ती कुटुंबातली नाही. तिला धरायचं नाही. पुन्हा मोज बरं."

ती बोटांवर मोजायला लागली. पाचव्या बोटाशी थांबली. स्वतःच्या काळ्यासावळ्या हाताकडे बघितलं, उलटा-सुलटा करून. मग हळूच म्हणाली, "पाच."

मी तिला चांदणी दिली. तिच्या फ्रॉकवर माझ्या हाताने चिकटवली आणि मुलांना टाळ्या वाजवायला सांगितल्या.

पुढचं तुला माहीत आहे. भिंगरी घरी जाऊन रडली आणि तिने तुला सगळं सांगितलं. तू गाईडांच्या बैठकीत उभी राहिलीस आणि म्हणालीस, "माझी नात सहा म्हणाली, तिला पाच म्हणायला लावलं. ते कार्ड बदला." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "वहिनी, तुमचा गैरसमज होतोय. ती पहिल्यापासून पाचच म्हणाली. मुलं घरी जाऊन काहीही सांगतात." प्रमुख बाईंनी कार्ड मागितलं. मी सांगितलं, सापडत नाही. ते तेव्हा माझ्या पर्समध्ये होतं.

तेरा वर्षांनी मी तुला त्या दिवशी पुन्हा 'तुम्ही' म्हणाले.  तू छत्री मला देऊन एकटी घरी गेलीस. महिन्याभरात लेकीच्या गावाला राहायला गेलीस. लोकांना मी सांगितलं की वहिनींना नातीचा लळा आहे. तेही काही खोटं नव्हतं, म्हणून माझं आणखीच फावलं.

असं का केलं, याचा नऊ वर्षं विचार केलाय. घाबरले होते, हे खरं. पण तेवढंच नाही. तू आमच्या घरात आलीस तेव्हा मी शेजारणीला म्हणाले होते, "रंग सोडला तर मुलगी छान आहे." तू आतल्या खोलीत होतीस आणि तू ऐकलंस, हे मला तेव्हाच कळलं होतं. तू कधी काढलं नाहीस. तुझ्या लेकीने लग्न ठरवल्याचं सांगितलं तेव्हा सगळ्यांनी विचारलं मुलगा काय करतो, आणि मी विचारलं, "फार काळा आहे का गं?" हसत विचारलं. मी सगळं हसतच विचारते. त्या दिवशी 'तिला धरायचं नाही' हे माझ्या तोंडून काही आभाळातून पडलं नाही. ते आपल्याच घरात, माझ्याच तोंडात, आधीपासून होतं.

मागच्या गुरुवारी हे सगळं मी अभ्यासमंडळात सांगितलं. तुझं पोस्टकार्ड आदल्या दिवशी आलं होतं. सांगताना मध्येच थांबले, रडले, पाणी प्यायले, परत सांगितलं. कोणी माझ्या पाठीवर हात ठेवला नाही आणि ते बरं झालं. ग्रंथपाल बाईंनी विचारलं, "कुटुंबात पाचच माणसं असतात, हे तुम्हाला कोणी सांगितलं होतं?" मी म्हणाले, "कोणी नाही. मीच."  मग त्या म्हणाल्या, "हे आम्हाला सांगून काय उपयोग? ती मुलगी अजून खोटारडीच आहे ना?"

 तेव्हापासून झोपेत, जागेपणी, चहा गाळताना, तेवढा एकच प्रश्न डोक्यात आहे.

पहिल्या फेरीचं मी संग्रहालयात सांगून टाकलंय. घेतली तर अशीच घेईन की आधी लोकांना मोजायला सांगीन आणि मग सांगीन, इथल्या एका गाईडने तेरा वर्षं पाच सांगितले, ती गाईड मी. भिंगरीबद्दल एक अक्षर बोलणार नाही. ती गोष्ट तिची आहे. ती सांगावी की नाही, हे तीच ठरवील.

तुझी क्षमा मागायची तर कुठून सुरुवात करू तेच कळत नाही, इतकं आहे. म्हणून आज तुझ्यासाठी काही मागत नाही. सोबत एक वेगळा कागद घडी करून ठेवलाय, तो भिंगरीसाठी आहे. आधी तू वाच. तिला द्यावासा वाटला तर दे. नाही वाटला तर तसं कळव, म्हणजे मी प्रत्यक्ष येऊन दारात उभी राहीन. गुडघे जातील तिकडे जावोत.

अगं वहिनी, मला तुझी फार आठवण येते. हे पहिल्याच पत्रात पहिल्या ओळीत लिहायचं होतं. उगीच सहा पानं घालवली.

तुझीच,
छत्री सांभाळून ठेवलेली

भिंगरीस,

बाळ, तू आता मोठी झालीस. तुला 'बाळ' म्हणायचा हक्क मी राखलेला नाही, पण दुसरा शब्द येत नाही.

तू सहा म्हणालीस. बरोबर होतं. पहिल्यांदा बरोबर होतं आणि दुसऱ्यांदाही बरोबर होतं. तिसऱ्यांदा तू पाच म्हणालीस, कारण समोर तुझी आत्याआजी उभी होती आणि तुला वाटलं, आपली माणसं आपल्याला चुकीचं सांगणार नाहीत.

मी चुकीचं सांगितलं. मला ती बाई दिसत होती आणि तरी सांगितलं. मग मोठ्या माणसांच्या बैठकीत तुला खोटं पाडलं. तुझी आजी तुझ्या बाजूने उभी राहिली म्हणून तिचं आवडतं काम सुटलं, आणि मी तिथेच राहिले. यात तुझी काडीची चूक नव्हती. तुझ्या हाताचीही नव्हती. तू तेव्हा हाताकडे बघितलंस, ते मी पाहिलं होतं.

तुझ्यासाठी नवी चांदणी पाठवत नाही. माझ्याकडून आता तुला चांदणी कशाला हवी?

पाठवते आहे ते हे जुनं कार्ड. अक्षर माझं आहे, वर तारीख आहे, खाली माझी सही आहे आणि उत्तर 'पाच' असं आहे. नऊ वर्षं मी ते लपवून ठेवलं होतं. मी त्यात काहीही खोडलेलं नाही, दुरुस्त केलेलं नाही, कारण दुरुस्त केलं तर ते तुझ्या काही कामाचं उरणार नाही. तुझ्या शब्दावर कोणी शंका घेतली, मग तो घरातला असो की बाहेरचा, तर त्याच्यापुढे हे ठेव. फाडून टाकावंसं वाटलं तर फाड. ते आता तुझं आहे.

त्या बाईचं नाव कोणालाच सापडलेलं नाही. आम्ही कागद शोधतोय. नव्या पाटीवर 'व्यापारी, त्याची पत्नी, तीन मुलं, आणि धाकट्याला धरून उभी असलेली एक स्त्री' असं लिहिलंय. ते वाचताना मी दर वेळी बोटांवर मोजते. पाच बोटं संपली की दुसरा हात काढावा लागतो.

तुला उत्तर लिहायची सक्ती नाही.

तुझी,
तुझ्यासमोर चुकीचं मोजलेली,
आत्याआजी